दत्तक आणि पालकत्व : दोन नाती, दोन कर्तव्ये



'दत्तक' या शब्दाचा अलीकडे फार सैल वापर होऊ लागला आहे. राष्ट्रीय उद्यानातला वाघ वर्षभरासाठी दत्तक दिला जातो, रस्त्याकडेचे झाड दत्तक घेतले जाते, एखादी संस्था गाव दत्तक घेते. हेतू चांगला असतो आणि कामही चांगलेच होते. पण वाघाचे वर्ष संपते, गावाची योजना पूर्ण होते आणि दत्तक घेणारा आपल्या वाटेने जातो. माणसाच्या लेकराच्या बाबतीत हाच शब्द याच सैलपणाने वापरला गेला, तर त्याची किंमत त्या लेकराला मोजावी लागते.

रायगड जिल्ह्याला हा विषय परका नाही. २०२० मध्ये महाडची इमारत कोसळली, २०२१ मध्ये तळिये गाव दरडीखाली गेले आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी गाडली गेली. इर्शाळवाडीचे शोधकार्य थांबले, तेव्हा २७ मृतदेह हाती लागले होते आणि ५७ माणसे बेपत्ता होती. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी तेथील अनाथ बालकांचे पालकत्व स्वीकारत असल्याचे जाहीर केले. बातम्यांत कोठे 'पालकत्व' असा शब्द आला, कोठे 'दत्तक' असा आला. मदतीचे मोल त्यामुळे यत्किंचितही कमी होत नाही. परंतु शिक्षणाचा आणि निर्वाहाचा भार उचलला, म्हणून ती मुले कायद्याने दुसऱ्या कुळात गेली नाहीत. ती आपल्या दिवंगत आईबापांचीच राहिली. त्यांचे नाव, त्यांची जमात आणि त्यांचा वारसा मुलांकडेच राहिला. हे जसे आहे तसेच असणे योग्यही आहे. प्रश्न एवढाच, की आपण नेमके काय केले, हे समाजाला स्पष्ट ठाऊक असावे.

गोत्र बदलणारे नाते

दत्तक म्हणजे काय, हे भारतीय परंपरेने फार प्राचीन काळी सांगून ठेवले आहे. ऐतरेय ब्राह्मणात शुनःशेपाचे आख्यान येते. शंभर गायींच्या मोबदल्यात अजीगर्ताने आपला मधला मुलगा यज्ञात बळी देण्यासाठी विकला. आणखी शंभर गायी घेऊन त्याला यूपाला बांधले आणि पुढे शंभर घेऊन त्याचा वध करण्यासही तो सिद्ध झाला. देवतांची स्तुती करून शुनःशेप मुक्त झाला आणि विश्वामित्राच्या अंकावर जाऊन बसला. तेव्हा त्याच पित्याने मुलगा परत मागितला. विश्वामित्राने तो दिला नाही. त्याने त्याला पुत्र मानले, 'देवरात' असे नवे नाव दिले आणि आपल्या पुत्रांमध्ये ज्येष्ठत्व दिले. विश्वामित्राच्या एकशे एक पुत्रांपैकी थोरल्या पन्नासांनी हे मान्य केले नाही, म्हणून ते शापास पात्र ठरले. मधुच्छंदासह धाकट्यांनी ते मान्य केले.

या एका आख्यानात दत्तकाची सारी लक्षणे आहेत. मुलाचे नाव बदलते, कुळ बदलते, घरातील भावंडांमध्ये त्याचे स्थान ठरते आणि जन्मदात्याला तो परत मागता येत नाही. पुढे 'दत्तकमीमांसा', 'दत्तकचंद्रिका' यांसारख्या ग्रंथांनी आणि पश्चिम भारतात नीलकंठभट्टांच्या 'व्यवहारमयूखा'ने या संस्थेचे नियम सविस्तर मांडले. एकच मुलगा जन्मदात्या आणि दत्तक अशा दोन्ही पित्यांचा राहावा, अशी 'द्व्यामुष्यायण' नावाची तडजोडही जुन्या शास्त्रात होती. आजच्या कायद्याने ती ठेवलेली नाही. दत्तक गेलेले मूल आता एकाच घराचे असते.

कुलाब्याच्या वाड्यात काय घडले

अलिबागच्या भूमीवर या फरकाचा एक राजकीय दाखलाही आहे. कान्होजी आंग्र्यांच्या वंशाकडे कुलाब्याचे संस्थान होते. १८३८ च्या अखेरीस दुसरे रघुजी आंग्रे निवर्तले. त्यांच्या मृत्यूनंतर जन्मलेला मुलगा, दुसरा कान्होजी, तान्हेपणीच गेला. रघुजींच्या विधवांनी दत्तक घेण्याची परवानगी कंपनी सरकारकडे मागितली. ती नाकारण्यात आली आणि १८४० मध्ये कुलाबा खालसा झाला. दत्तक नामंजूर करून संस्थान गिळंकृत करणे म्हटले, की डलहौसीचे नाव आठवते. पण डलहौसी गव्हर्नर जनरल म्हणून आला तो १८४८ मध्ये. कुलाब्याचा घास त्याच्या आधीच गिळला गेला होता.

यातली सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. आंग्र्यांच्या वाड्यात नात्यातला एखादा मुलगा आणून वाढवला असता, त्याला शिकवले असते, त्याचे लाड केले असते, तर कंपनीची त्याला काहीच हरकत नव्हती. हरकत होती ती दत्तविधानाला. कारण दत्तविधान झाले की तो मुलगा रघुजींचा पुत्र ठरतो, आणि पुत्र ठरला की वारस ठरतो. सांभाळलेला मुलगा आणि दत्तक मुलगा यांत काय अंतर आहे, हे कलकत्त्याच्या कचेरीत बसलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना नेमके ठाऊक होते. आपल्या घरांतून मात्र ते आजही पुष्कळदा ठाऊक नसते.

दत्तक आणि पालकत्व ही दोन्ही नाती एकाच आयुष्यात शेजारी शेजारी पाहायची असतील, तर बडोद्याकडे वळावे. नाशिककडील कवळाणे गावचा गोपाळराव १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव गायकवाड झाला. हे नाते मरेपर्यंतचे होते. राजा अल्पवयीन असल्याने राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव यांनी पाहिला. ही विश्वस्ताची जबाबदारी होती. १८८१ मध्ये सयाजीरावांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा ती संपली. जमनाबाई आई झाल्या. माधवराव कारभारी होते. दोघांनीही आपले काम चोख केले आणि कोणी एकमेकांची जागा घेतली नाही.

कायदा काय सांगतो

आज हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख समाजासाठी हिंदू दत्तक व निर्वाह कायदा, १९५६ लागू आहे. जुन्या शास्त्रात साधारणतः पुत्रच दत्तक घेतला जाई. या कायद्याने कन्येलाही ते दार उघडले. २०१० च्या दुरुस्तीने विवाहित स्त्रीलाही पतीच्या संमतीने दत्तक घेण्याचा अधिकार मिळाला. मूल सामान्यतः पंधरा वर्षांच्या आतील आणि अविवाहित असावे लागते. याला अपवाद सिद्ध झालेल्या रूढीचा. पुरुषाने मुलगी किंवा स्त्रीने मुलगा दत्तक घ्यायचा, तर दोघांच्या वयात किमान २१ वर्षांचे अंतर हवे. मूल प्रत्यक्ष देणे आणि घेणे हा दत्तविधानाचा गाभा आहे. दत्तहोम कायद्याने अनिवार्य नाही. दत्तकपत्र नोंदवलेले असेल, तर दत्तक कायद्याप्रमाणेच झाले, असे न्यायालय गृहीत धरते. दत्तकाबद्दल पैसा देणे किंवा घेणे हा गुन्हा आहे. अजीगर्ताच्या शंभर गायी आजच्या कायद्यातही बसत नाहीत.

परिणाम सर्वांत महत्त्वाचा. दत्तकाच्या दिवसापासून ते मूल सर्व अर्थांनी नव्या आईबापांचे होते. जन्माच्या कुटुंबाशी असलेले नाते तुटते. मात्र तेथील निषिद्ध नात्यांत त्याला विवाह करता येत नाही आणि त्याच्या नावे आधीच आलेली मालमत्ता त्याच्याकडेच राहते. विधिवत झालेले दत्तक रद्द करता येत नाही. पुढे स्वतःचे मूल झाले, म्हणून दत्तक मूल परत पाठवता येत नाही. मुलालाही नवे घर नाकारून जन्मघरी परतता येत नाही.

पालकत्वाची वाट वेगळी आहे. तिच्यासाठी पालक आणि पाल्य कायदा, १८९० आणि हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ आहेत. अज्ञान बालकाच्या देहाचा, शिक्षणाचा आणि मालमत्तेचा सांभाळ पालक करतो. घटस्फोटाच्या दाव्यात 'मुलाचा ताबा' म्हणतात, तोही याच कुळातला. ताबा आईकडे गेला, म्हणून वडिलांचे पितृत्व संपत नाही, आणि वडिलांकडे गेला, म्हणून आई परकी होत नाही. १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आईच्या नैसर्गिक पालकत्वाला योग्य तो मान मिळवून दिला. पाच वर्षांखालील मूल सामान्यतः आईपाशी राहावे, असे कायदाच सांगतो. या सर्व प्रश्नांत निर्णायक कसोटी एकच, बालकाचे हित. परिस्थिती बदलली, तर ताब्याचा आदेशही बदलता येतो.

न्यायालयाने नेमलेला पालक हा विश्वस्त असतो. त्याच्याकडून हिशेब मागता येतो, तो चुकला तर त्याला दूर करता येते. न्यायालयाच्या परवानगीवाचून पाल्याची जमीन त्याला विकता येत नाही. हे बंधन खुद्द आईवडिलांवरही आहे. आणि जो केवळ मूल घरी ठेवून आहे, ज्याला न्यायालयाने नेमलेले नाही, त्याला तर अज्ञान बालकाच्या मालमत्तेचा व्यवहार करण्याचा अधिकारच नाही. मूल अठरा वर्षांचे झाले, की पालकत्व संपते. दत्तक अठराव्या वर्षी संपत नाही. ते आईवडिलांच्या मृत्यूनंतरही वारशाच्या रूपाने उरते.

किनाऱ्यावरची घरे

उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या किनाऱ्यावर आजोळी किंवा काकाकडे वाढलेले मूल ही नित्याची गोष्ट आहे. बाप समुद्रावर गेला तो परतलाच नाही. आई दुसऱ्या घरी गेली. मुंबईत चाळीतल्या एका खोलीत भागेना, म्हणून मूल गावी आजीपाशी राहिले. अशा मुलाला घराने कधी परके मानले नाही. ताटातला घास वाटून दिला, शाळेत घातले, त्याचे लग्नही लावून दिले. कोकणी कुटुंबव्यवस्थेचे हे मोठेपण आहे आणि कोणत्याही सरकारी योजनेला त्याची बरोबरी करता येणार नाही.

परंतु समजा, मुरूडकडच्या एका निपुत्रिक काकाने पुतण्याला तान्हेपणापासून वाढवले. सारे गाव त्याला काकाचाच मुलगा म्हणते. शाळेच्या दाखल्यात आणि शिधापत्रिकेत काकाचेच नाव आहे. मुद्रांकावर कधीतरी एक प्रतिज्ञापत्रही केले. दत्तविधान मात्र झाले नाही. काका मृत्युपत्र न करता गेले. वारसनोंदीची वेळ आली, की तलाठ्यापुढे इतर भाऊबंद उभे राहतात आणि वीस वर्षे 'मुलगा' म्हणून राहिलेला तरुण एका दिवसात 'पुतण्या' होतो. शाळेचा दाखला दत्तक करत नाही, शिधापत्रिका करत नाही आणि नुसते प्रतिज्ञापत्रही करत नाही. पूर्वी वाडीची चार झाडे आणि भाताचे खाचर एवढाच वारसा असे, तेव्हा भाऊबंद मोठ्या मनाने सोडून देत. आता उरण-पनवेलकडे साडेबारा टक्के योजनेचे भूखंड आहेत, २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाला आहे, अलिबागची वाडी शहरातल्या सदनिकेपेक्षा महाग झाली आहे. जमिनीला भाव आला, की मनाचा मोठेपणा कागदावर असलेला बरा.

याच्या उलट प्रसंगही संभवतो. परिस्थितीने गांजलेली आई मूल 'दोन वर्षे सांभाळा' म्हणून सधन नातलगाकडे ठेवते. तिच्यापुढे कागद येतो, ती सही करते. तो कागद दत्तकपत्राचा असेल, त्यावर वडिलांची संमती असेल आणि देण्याघेण्याचा विधीही झाला असेल, तर दिवस पालटल्यावर तिला मूल परत मागता येणार नाही. तिच्या मनात सांभाळ होता. कागदावर दत्तक होते. तिसरा प्रसंग अनाथ मुलाचा. त्याच्या नावावर बापाची जमीन आहे आणि सांभाळणारा मामा त्याच्या शिक्षणासाठी म्हणून ती विकू पाहतो. हेतू शुद्ध असला, तरी तो अधिकार त्याला नाही. हेतू शुद्ध नसला, तर काय होते, ते सांगण्याची आवश्यकता नाही.

तिन्ही प्रसंगांत प्रेमाची उणीव नाही. उणीव आहे ती स्पष्टतेची, आणि तिचा भार पडतो तो बोलू न शकणाऱ्या मुलावर.

यशोदेचे स्थान

येथे एक शंका कोणाच्याही मनात येईल. पालकत्व मुदतीचे आणि दत्तक कायमचे, तर मग पालकत्व कमी दर्जाचे ठरते काय? भारतीय मन या प्रश्नाचे उत्तर शतकानुशतके देत आले आहे. नंद-यशोदेने कृष्णाला वाढवले. तो वसुदेवाचाच राहिला, 'वासुदेव' म्हणूनच ओळखला गेला आणि वेळ आली तेव्हा मथुरेला निघून गेला. यशोदेने त्याला अडवून ठेवले नाही. पण आईची मूर्ती डोळ्यांपुढे आणायची, तर आजही घराघरांतून देवकीआधी यशोदाच आठवते. जे आपले नाही, ते आपल्याप्रमाणे वाढवायचे आणि ज्याचे आहे त्याच्या हाती निष्कलंक परत द्यायचे, याहून मोठा विश्वस्तधर्म कोणता?

दुसऱ्या बाजूस विश्वामित्राचे नाते. त्यात परत देणे नाही, अर्धे घेणे नाही. महाराष्ट्रात याचे एक उज्ज्वल उदाहरण महात्मा जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांचे आहे. एका विधवेच्या पोटी आलेला यशवंत त्यांनी दत्तक घेतला, त्याला वैद्यकीय शिक्षण दिले आणि जोतीरावांनी मृत्युपत्रानेही त्याचे स्थान पक्के करून ठेवले. नुसता जिव्हाळा पुरेसा मानला नाही. जगाच्या दृष्टीनेही तो आपला मुलगा ठरावा, याची तजवीज केली.

या दोन आदर्शांपैकी आपण कोणता स्वीकारत आहोत, हे प्रत्येक घराने स्वतःशी ठरवावे. यशोदेचे काम करताना विश्वामित्राचा हक्क सांगू नये. विश्वामित्राचे नाते जोडून नंतर यशोदेप्रमाणे निरोपाची भाषा करू नये.

वाट काढता येते

पालकत्वाकडून दत्तकाकडे जाण्याची वाटही कायद्याने ठेवली आहे. आईवडील हयात नसतील किंवा त्यांनी मुलाला सोडून दिले असेल, तर न्यायालयाची पूर्वपरवानगी घेऊन पालकाला ते मूल दत्तक देता येते. पालकाला ते स्वतःही दत्तक घेता येते. म्हणजे दहा वर्षे भाच्याला वाढवणाऱ्या मामाला खरोखर मुलगा हवा असेल, तर दार बंद नाही. ते ठोठावावे लागते, एवढेच.

दुसरा मार्ग बाल न्याय कायद्याचा. २०१५ चा हा कायदा सर्व धर्मांच्या नागरिकांना खुला आहे. पूर्वी हिंदूंखेरीज इतर समाजातील दांपत्यांना बहुधा १८९० च्या कायद्याखालील पालकत्वावरच समाधान मानावे लागे. बाल न्याय कायद्याने आणि विशेषतः त्याच्या २००६ च्या दुरुस्तीने ही स्थिती बदलली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. या कायद्याखाली काका, आत्या, मामा, मावशी, आजी-आजोबा यांना नात्यातील मूल दत्तक घेता येते. अनाथ किंवा सोडून दिलेल्या बालकास बालकल्याण समिती दत्तकासाठी मोकळे ठरवते. केंद्रीय यंत्रणेकडे नोंदणी केलेल्या दांपत्याला ते मिळते. अंतिम आदेश पूर्वी न्यायालय देत असे. १ सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे आला. या चौकटीबाहेर अनाथ बालक परस्पर देणे किंवा घेणे हा गुन्हा आहे. कोरोनाच्या काळात समाजमाध्यमांतून 'अनाथ बाळ दत्तक देणे आहे' असे निरोप फिरले, त्यांमागचा धोका हाच होता.

नात्यातील दत्तकाबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा २०२३ चा एक निर्णय सर्वांनी लक्षात ठेवावा असा आहे. एका घटस्फोटित शिक्षिकेला आपल्या बहिणीची मुलगी दत्तक घ्यायची होती. नोकरी करणारी एकटी स्त्री मुलीकडे लक्ष देऊ शकणार नाही, असे कारण देऊन भुसावळच्या न्यायालयाने अर्ज फेटाळला. उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून दत्तकास मान्यता दिली. मावशीने भाचीला घरी ठेवून घेतले असते, तर कोणी विचारलेही नसते. पण तिला आई व्हायचे होते, म्हणून ती न्यायालयाची पायरी चढली. हा हट्ट योग्य होता.

ज्यांना दत्तक घ्यायचे नाही, केवळ सांभाळ करायचा आहे, त्यांच्यासाठी शासनाची बालसंगोपन योजना आहे. आईवडिलांपैकी एक किंवा दोन्ही गमावलेल्या बालकाला कुटुंबातच राहून साहाय्य मिळावे, हा तिचा हेतू. तालुक्याच्या ठिकाणी तिची माहिती अनेक कुटुंबांपर्यंत पोहोचलेली नसते. १०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांकही प्रत्येक वस्तीत ठाऊक असायला हवा.

कार्यकर्त्याचे काम येथेच सुरू होते. दरड कोसळली, पूर आला, की धावून जाणाऱ्यांची या किनाऱ्यावर कधी वाण पडली नाही. पहिल्या आठवड्यात धान्य, कपडे, पांघरुणे पोहोचतात. पण दुसऱ्या वर्षी त्या मुलाच्या नावे बापाची जमीन चढली का, त्याचा जन्मदाखला आहे का, सांभाळणाऱ्या आजीला पालक म्हणून मान्यता मिळाली का, हे विचारायला जाणारा विरळा. आपल्या वस्तीत, आपल्या वाडीत जन्मदात्यांवाचून वाढणारे मूल कोणाकडे आहे, हे कार्यकर्त्याला ठाऊक असावे. त्या घरी जाऊन, चहा घेता घेता, मुलाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारावे : हा सांभाळ आहे की दत्तक? सांभाळ असेल, तर पालकत्वाचा आदेश घ्या आणि मुलाची मालमत्ता त्याच्या नावे अभंग ठेवा. त्याला काही द्यायची इच्छा असेल, तर मृत्युपत्र करा. दत्तक असेल, तर पती-पत्नी दोघांच्या संमतीने दत्तकपत्र नोंदवा.

हे काम फोटोत येत नाही आणि त्याचा अहवालही फार मोठा होत नाही. परंतु उद्या तलाठ्याच्या कचेरीत 'तू यांचा कोण?' असे कोणी विचारले, तर त्या मुलाला खाली मान घालावी लागणार नाही. त्याच्या हातात उत्तर असेल.